डिझेल सांडलेल्या जमिनीत गहू पेरावा का?

प्रश्न: सांवेर रस्त्यालगत आमचं शेत आहे. पावसाळ्यात टँकर उलटून डिझेल आत आलं. तेवढ्या पट्ट्यातली सोयाबीन पिवळी पडून खुरटली. युरिया देऊनही फरक नाही. खोल नांगरून गहू पेरू का?

उत्तर: काका, त्या पट्ट्यात आत्ता गहू नको, आणि खोल नांगरट तर मुळीच नको. डिझेल खाऊन संपवणारे जिवाणू तुमच्या मातीतच आहेत, पण त्यांना हवा लागते. तेल खाली गाडलं की ते तिथंच साचून राहतं. आपल्या माळव्याच्या काळ्या जमिनीत तर ओल असताना खाली हवा पोचतच नाही.

वाळलेल्या ढेकळावर पाण्याचा थेंब टाकून बघा. चांगली माती तो पिऊन टाकते. तेलकट ढेकळावर थेंब तसाच बसून राहतो. म्हणजे पाऊस पडूनही मुळं तहानलेली, वर हवेवाचून गुदमरलेली. डिझेलवर वाढणारे जिवाणू मातीतलं नत्रही ओढून घेतात, म्हणून पानं पिवळी. एक रोप उपटून मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी नसेल तर ती हवेतलं नत्र धरत नाही. अशा गुदमरलेल्या मुळाला नुसता युरिया काय उपयोगाचा?

आधी पटवाऱ्याकडून पंचनामा करून घ्या, भरपाईसाठी तो लागेल. जिथं माती चिंब आहे, वास उग्र येतो, तेवढा थर उचलून प्लास्टिकवर वेगळा ठेवा. पेटवू नका, नाल्यात ढकलू नका. बाकी पट्ट्याभोवती वरंबा घाला. वरच्या वीतभर मातीत चांगलं कुजलेलं खत भरपूर मिसळा. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात आपल्या इंदुरातच बसवलेल्या पद्धतीचं कंपोस्ट असेल तर उत्तमच. युरिया थोडा थोडा, खताबरोबर द्या. वाफसा आला की वखर फिरवा, ओल टिकवा, पाणी तुंबू देऊ नका. थंडीत हे काम मंदावतं, उन्हाळ्यात वेग घेतं. घाई नको.

त्या पट्ट्यातली सोयाबीन गुरांना घालू नका. विहीर जवळ असेल तर पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका. (इंजिनाचं जळकं ऑईल सांडलं असतं तर काळजी जास्त होती, त्यातले जड धातू कुजत नाहीत.)

पेरणीचा निर्णय कुंडीवर सोडा. एका कुंडीत ही माती, दुसरीत शेजारची चांगली, दोन्हींत गव्हाचे पन्नास-पन्नास दाणे. उगवण आणि मुळांची लांबी सारखी दिसेपर्यंत तो पट्टा पडीक राहू द्या. बाकीच्या शेतात गहू खुशाल पेरा.