नाटक पावणेतीन तासांचं, सिनेमा पाच तासांचा?

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला गेले होते तेव्हा तिने न्यूयॉर्कला नेऊन 'विकेड' हे संगीत नाटक दाखवलं. मध्यंतर धरून पावणेतीन तास. आता त्याचा सिनेमा पाहिला तर तो दोन भागांत, वर्षभराच्या अंतराने. आमच्या भिशीतल्या बायका म्हणतात, दोनदा तिकीट काढायला लावायचा धंदा आहे. तुम्ही सिनेमाच्या संकलनात होतात, म्हणून विचारते. संगीत नाटकाचा सिनेमा किती वेळाचा असावा?
– एक निवृत्त शिक्षिका, सांगली

ताई, धंदा तर आहेच. पण नुसता धंदा नाही.

आधी हिशेब मांडू. पहिला भाग २०२४च्या नोव्हेंबरात आला, २ तास ४० मिनिटांचा. दुसरा २०२५च्या नोव्हेंबरात, साधारण सव्वादोन तासांचा. एकूण पाच तासांना थोडे कमी. म्हणजे नाटकाचा जो पहिला अंक रंगमंचावर दीडेक तासात आटपतो, तेवढ्याचाच अख्खा सिनेमा झाला. दिग्दर्शक जॉन चू आणि संगीतकार स्टीफन श्वार्ट्झ यांनी कारण दिलं ते असं, की 'डिफाइंग ग्रॅव्हिटी' हे गाणं झाल्यावर लगेच पुढचा प्रसंग काही केल्या बसेना. मला ते पटतं. नाटकातही त्या गाण्यावरच पडदा पडतो. नायिका हवेत वर जाते, अंधार होतो, लोक उठून बाहेर जातात. पंधरा मिनिटं श्वास घ्यायला मिळतात. तिकडच्या सिनेमाला मध्यंतर नसतं. आपण भाग्यवान, हॉलिवूडचा सिनेमा असला तरी थिएटरवाला मध्येच कुठेतरी दिवे लावतो आणि समोसा खायला पाठवतो.

पण 'किती वेळ' याचं उत्तर घड्याळात शोधण्याआधी नाटकाचा वेळ कशाकशात जातो ते बघा. माझे वडील संगीत नाटकांना ऑर्गन वाजवायचे. मे महिन्याच्या सुट्टीत मला दौऱ्यावर न्यायचे आणि मी विंगेत पेटाऱ्यावर बसून प्रयोग बघायचे. पुढच्या पडद्यासमोर नायिकेचं पद चालू असायचं आणि मागे सुतार राजवाडा उभा करत असायचा. राजवाडा लागला की तो मागून पडद्यावर दोनदा थाप मारायचा. पडदा किंचित हलायचा, एवढीच खूण. ती येईपर्यंत वडील मान वर करून नायिकेकडे बघायचे, की तिने समजून पुन्हा धृपदावर यावं. प्रेक्षकांना वाटायचं, बाई आज काय रंगल्यात! बाई रंगलेल्या असायच्या हे खरंच, पण एकदा राजवाड्याचा खांब तिरका बसला म्हणून त्या जास्तीची चार आवर्तनं रंगल्या होत्या. वर टाळ्या, वर वन्स मोअर. हा सगळा वेळ नाटकाचा आहे, गोष्टीचा नाही.

सिनेमात सुतार नाही. एका कटात राजवाडा येतो. टाळी थांबायची वाट बघावी लागत नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला नायिकेच्या डोळ्यांतलं पाणी दिसत नाही म्हणून ती ते गाण्यात सांगते. कॅमेऱ्याला ते दिसतं. मग एकतर डोळे दाखवा, नाहीतर गाण्यातून सांगा. दोन्ही पूर्ण ठेवलंत की सिनेमा लांबतो, आणि बहुतेक वेळा लांबतो तो इथेच.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. एका वाहिनीसाठी आम्ही एका जुन्या संगीत नाटकाची चित्रफीत करत होतो. मी तेव्हा सहायक संकलक. एक पद सात मिनिटांचं. ताना सुरू झाल्यावर गाणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर तरी किती वेळ थांबणार? म्हणून मी समोर बसलेल्या राजाचा शॉट लावला, मान डोलावणारा. पुढच्या तानेला पुन्हा राजा. तिसऱ्या तानेला पुन्हा राजा. वडील शेजारी बसले होते, म्हणाले, "हा दाद देतोय की डुलक्या काढतोय?" मग त्यांनीच बोट ठेवून सांगितलं, हे दुसऱ्यांदा आलेलं कडवं नेपथ्यासाठी आहे, काढ. पद चार मिनिटांवर आलं आणि कुणाला काही कळलंही नाही.

त्याच बैठकीत मी एक चूक केली. आणखी वीस सेकंद वाचवायला समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीची एक लांब तान उडवली. सूर जुळले, लय जुळली, टेबलावर सगळं बरोबर. पण सम आली तेव्हा वडिलांचा हात मांडीवर पडलाच नाही. ती तान परत लावायला वेळ नव्हता आणि चित्रफीत तशीच गेली. आजही ती कुणी लावली की मी स्वयंपाकघरात जाते.

तर कापायचं काय आणि ठेवायचं काय? दिग्दर्शक टिम बर्टनने 'स्वीनी टॉड' हा सिनेमा केला २००७ साली. स्टीफन सोंडहाइम यांच्या मूळ नाटकात, म्हणजे १९७९च्या, सुरुवातीला अख्खा गायकवृंद येऊन गोष्ट गाऊन सांगतो. आपल्या नांदीसारखंच. बर्टनने ते गायन काढलं आणि त्याची धून फक्त वाद्यांवर ठेवली. सिनेमा दोन तासांच्या आत. उलट 'द साउंड ऑफ म्युझिक' जवळजवळ तीन तासांचा, १९६५चा. त्यात नाटकातली काही गाणी गेली, दोन नवी आली आणि आल्प्सचे डोंगर आले. आमच्या पिढीने तो किती वेळा पाहिला असेल! लांबीची तक्रार मी तरी ऐकलेली नाही. तिथे गाणं चालू असताना मुलं गाव पालथं घालतात, पडद्यांच्या कापडाचे कपडे घालून. गाणं संपतं तेव्हा मुलं गायला शिकलेली असतात. गोष्ट पुढे गेलेली असते.

आणि आपलं 'कट्यार काळजात घुसली'. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७चं, संगीत अभिषेकीबुवांचं, सिनेमा २०१५चा. त्यात 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन घराण्यांच्या दोन चालींत येतं. घाईतल्या निर्मात्याने पहिली कात्री तिथेच लावली असती, "एकच पद दोनदा कशाला?" म्हणून. अहो, त्या दोन चालींमधलं भांडण हेच तर नाटक आहे! सिनेमाचे दिग्दर्शक सुबोध भावे यांनी दोन्ही चाली ठेवल्या, वर नवी गाणी घातली, आणि सिनेमा अडीच तासांच्या पुढे गेला. मला त्यातलं एखादं नवं गाणं कमी चाललं असतं. कुठलं ते विचारू नका, शेजाऱ्यांशी यावरून आधीच वाद झालाय.

आता 'विकेड'कडे. त्या पहिल्या भागात वाढलेला वेळ गेला कुठे? विद्यापीठ, तिथलं ग्रंथालय, गोष्टीतल्या पाचूनगरीला जाणारी आगगाडी, यांत. रंगमंचावर जे एका फलकावर भागतं ते इथे खरोखर बांधलं, आणि बांधलं म्हटल्यावर दाखवलं. शेवटचं गाणं तर तोडून तोडून मध्ये संवाद, पडणं, उडणं असं भरलंय. नाटकात ते एका दमात येतं म्हणून अंगावर काटा येतो. दोन भाग करायचेच होते, तर प्रत्येक भाग पावणेदोन तासांत बसला असता.

आकडा हवाच असेल तर माझा अंदाज असा. नाटकाच्या वेळातून मध्यंतर काढा. टाळ्या आणि नेपथ्यबदल यांची आणखी पंधरा-वीस मिनिटं काढा. उरलं त्यात बाहेरच्या जगासाठी तेवढीच पंधरा-वीस मिनिटं घाला. पावणेतीन तासांच्या नाटकाचा सिनेमा अडीच तासांचा होतो. भिशीतल्या बायकांना सांगा, एक तिकीट पुरलं असतं. फक्त मध्यंतर नेमकं त्या गाण्यावर हवं होतं.

प्रश्न : त्यापेक्षा नाटकाचा प्रयोगच सरळ चित्रित का करत नाहीत?
– एक वाचक, ठाणे

करतात की. 'हॅमिल्टन' या अमेरिकन संगीत नाटकाचा प्रयोग न्यूयॉर्कच्या रिचर्ड रॉजर्स थिएटरात २०१६ साली चित्रित केला आणि २०२० साली घरोघरी दिसला. २ तास ४० मिनिटं, मध्ये मिनिटभराचं मध्यंतरसुद्धा. तिथे टाळ्या ठेवल्यात आणि त्या खटकत नाहीत, कारण आपण नाटकच बघतोय हे ठाऊक असतं. आपल्याकडेही असं व्हावं. फक्त कॅमेरावाल्यांना बजावून ठेवा, मान डोलावणाऱ्यांचा शॉट एकदाच.

प्रश्न : जुनी संगीत नाटकं रात्रभर चालायची म्हणतात. हल्ली 'सौभद्र' तीन तासांत संपतं. मग आपण पाहतो ते खरं 'सौभद्र' का?
– एक विद्यार्थिनी, मडगाव

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र'मध्ये, १८८२ सालच्या, शंभराहून जास्त पदं आहेत. आज त्यांतली निवडकच गातात. म्हणजे कात्री सिनेमाच्या कितीतरी आधी रंगमंचावरच चालली होती, आणि ती चालवणाऱ्यांत आमचे वडीलही होते. त्यांच्या संहितेच्या वहीत गाळलेल्या पदांवर पेन्सिलीची फुली आहे. शाईची नाही. एखाद्या गावात प्रेक्षक चांगले भेटले तर खोडरबराने ती पुसायचे.