येशूने बेथसैदाच्या आंधळ्यावर दोनदा हात का ठेवले? याचा आध्यात्मिक अर्थ काय?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिला, मार्ककृत शुभवर्तमानाच्या (बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एक) आठव्या अध्यायात येशू बेथसैदात एका आंधळ्याला बरं करतो, पण पहिल्या खेपेला त्याला धूसरच दिसतं आणि पुन्हा हात ठेवावे लागतात, ते का? दुसरा, तुमच्या आईला काचबिंदू आहे आणि प्रार्थना सभेत कुणीतरी म्हणालं की त्या आंधळ्याचा विश्वास कमी पडला म्हणून दोनदा करावं लागलं, तुमच्या घरीही तसंच असेल. हे खरं आहे का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. खरं नाही. २२ ते २६ ही पाच वचनं पुन्हा काढून वाचा. त्यात त्या माणसाच्या विश्वासाचा उल्लेखच नाही, ना जास्त ना कमी. त्याला दुसऱ्या लोकांनी आणलं, विनंती त्यांनीच केली. तो स्वतःहून तर काही मागतही नाही. जे शास्त्रात लिहिलेलंच नाही ते त्या बिचाऱ्याच्या गळ्यात मारायचं आणि तिथून उचलून तुमच्या आईच्या गळ्यात, याला मी तरी उपदेश म्हणणार नाही.

आता पहिला प्रश्न, कारण खरी मजा तिथे आहे.

प्रसंग नीट बघा. येशू त्याचा हात धरतो आणि गावाबाहेर नेतो. स्वतः, हाताला धरून. शिष्यांपैकी कुणाला सांगितलं नाही की याला जरा बाहेर घेऊन या. मग डोळ्यांवर थुंकतो, हात ठेवतो आणि विचारतो, "काही दिसतं का?" बरं केल्यावर "दिसतं का" असं येशूने विचारलेलं शुभवर्तमानांत मला दुसरीकडे कुठे आठवत नाही. माणूस वर बघतो आणि म्हणतो, माणसं दिसताहेत, पण झाडं चालल्यासारखी. म्हणजे झाड कसं दिसतं हे त्याला ठाऊक होतं, तेव्हा तो जन्मांध नसावा. पुन्हा हात ठेवले जातात आणि मग सगळं स्पष्ट दिसतं. शेवटी येशू त्याला घरी पाठवतो आणि गावात जाऊ नकोस म्हणतो.

थुंकीचं अनेकांना विचित्र वाटतं. त्या काळी थुंकी डोळ्यांना औषधी मानत. रोमी इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय की इ.स. ६९-७० च्या सुमारास आलेक्झांड्रियात एका आंधळ्याने सम्राट वेस्पासियनकडे हाच उपाय मागितला होता. आपल्याकडेही सकाळची शिळी लाळ डोळ्याला लाव म्हणणाऱ्या आज्या होत्याच. तेव्हा त्या आंधळ्याला ते किळसवाणं वाटलं नसावं. उलट ज्याला दिसत नाही त्याला हाताच्या आणि ओलाव्याच्या स्पर्शाने कळलं असणार की माझ्यासाठी काहीतरी चाललंय. यापलीकडे थुंकीत गूढ शोधू नये असं माझं मत आहे. "झाडं म्हणजे क्रूस" असंही काही जण सांगतात. तेही मला ओढूनताणून वाटतं.

हा चमत्कार चारपैकी फक्त मार्कातच आहे. मत्तय आणि लूक यांच्या लिखाणात मार्काचा पुष्कळसा मजकूर आलाय, पण हा प्रसंग मात्र नाही. का, याचा अंदाजच करता येतो. कदाचित तुम्हाला आली तीच शंका तेव्हाच्या वाचकांनाही येईल अशी धास्ती असावी, की पहिल्यांदा शक्ती कमी पडली काय! सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्व्हिन याचं म्हणणं होतं की बरं कसं करायचं, एका झटक्यात की टप्प्याटप्प्याने, हे ठरवायला येशू मोकळा होता, एवढंच यातून दिसतं. बरोबर आहे, पण मला ते अपुरं वाटतं. मार्काने हा प्रसंग कुठे ठेवलाय ते पाहिलं की जास्त काही हाती लागतं.

आठ वचनं मागे जा. शिष्य होडीत आहेत, भाकरी आणायला विसरलेत, सगळ्यांत मिळून एकच. येशू परूशी या कर्मठ यहूदी पंथाच्या आणि सत्ताधारी हेरोदाच्या खमिराबद्दल, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या आंबवणासारख्या त्यांच्या वाईट प्रभावाबद्दल, सावध करतोय आणि हे आपसात भाकरी नसल्याची चर्चा करताहेत. येशूने थोड्याशा भाकरींत पाच हजारांना आणि पुढे चार हजारांना जेवण दिलं, ते दोन्ही वेळा यांनी स्वतःच्या हाताने वाढलंय. येशू त्यांच्याकडून हिशेब वदवून घेतो. किती टोपल्या उरल्या? बारा. आणि दुसऱ्यांदा? सात. आकडे तोंडपाठ आहेत, अर्थ मात्र डोक्यात शिरलेला नाही. तेव्हा तो म्हणतो, डोळे असून तुम्हाला दिसत नाही का, कान असून ऐकू येत नाही का? अजून समजत नाही?

आणि लगेच पुढचं वाक्य, ते बेथसैदास आले, लोकांनी एका आंधळ्याला आणलं.

गंमत म्हणजे आदल्याच अध्यायात, सातव्याच्या शेवटी, एक बहिरा बरा होतो. त्यालाही असंच गर्दीतून बाजूला नेलं होतं, तिथेही थुंकी होती आणि तोही प्रसंग फक्त मार्कातच आहे. म्हणजे आधी कान, मग डोळे आणि मधे शिष्यांना विचारलेला तो बोचरा प्रश्न. हे योगायोगाने झालं असं मला नाही वाटत.

आता पुढे वाचा. बेथसैदाहून ते उत्तरेला कैसरिया फिलिप्पैकडे निघतात. साधारण ४० किलोमीटरचा चढाचा रस्ता. वाटेत येशू विचारतो, तुम्ही मला कोण म्हणता? पेत्र हा शिष्य म्हणतो, तू ख्रिस्त, म्हणजे देवाने पाठवलेला राजा आहेस. उत्तर अचूक आहे. पण लगेच येशू सांगायला लागतो की मला दुःख सोसावं लागेल, नाकारलं जाईल, मारलं जाईल आणि मी पुन्हा उठेन. तर हाच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावायला लागतो! आणि मग "सैताना, माझ्या मागे हो" हे कडक उत्तर येतं.

पेत्राला दिसलं, पण झाडासारखं. ख्रिस्त आहे हे दिसलं, कसला ख्रिस्त ते दिसलं नाही. त्याच्या पिढीला पूर्वीचा राजा दावीद याच्या गादीवर बसणारा, रोमी सत्ता उलथून टाकणारा राजा हवा होता. क्रूसावरचा ख्रिस्त त्या चित्रात बसत नव्हता. आणि बेथसैदा हे योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे पेत्राचंच गाव, अंद्रिया आणि फिलिप्प या शिष्यांचंही. "गावात जाऊ नकोस" आणि चार वचनांनंतर शिष्यांना केलेली ताकीद, "माझ्याविषयी कुणाला सांगू नका", या दोन्ही मी एकत्र वाचते. अर्धवट दिसणाऱ्याने गावभर सांगत सुटणं धोक्याचं असतं. तो आंधळा तर पुरता बरा झाला होता. गावाचीच नजर अजून धूसर होती.

पुढचे दोन अध्याय शिष्यांची हीच गत आहे. येशू तीनदा स्वतःच्या मरणाबद्दल बोलतो आणि तिन्ही वेळा त्यांचं भलतंच चाललेलं असतं. दुसऱ्या वेळेनंतर आपल्यात मोठा कोण यावर वाद. तिसऱ्या वेळेनंतर तर जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान उजवीकडची-डावीकडची जागा मागायला येतात. येशू त्यांना विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं अशी तुमची इच्छा आहे? काही वचनांनंतर यरीहोच्या वेशीवर रस्त्याकडेला बसलेल्या बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्यालाही तो हाच प्रश्न विचारतो. त्यांना मान हवा होता, याला नजर हवी होती. बार्तीमय अंगावरचं वस्त्र टाकून उठतो, एका झटक्यात बरा होतो आणि येशूच्या मागे वाटेने चालायला लागतो. ती वाट यरुशलेमेला, क्रूसाकडे जाते. हा प्रवास एका आंधळ्यापाशी सुरू होतो, दुसऱ्यापाशी संपतो आणि मधे डोळे असलेले बारा जण चाचपडत चाललेले.

म्हणून मला विचाराल तर दोनदा हात ठेवण्याचा अर्थ असा: येशूची ओळख पटणं एका दमात पुरं होत नाही, आणि अर्धवट दिसणाऱ्याला तो सोडून देत नाही. "तुला नीट दिसत नाही म्हणजे तुझ्यातच खोट आहे" असं तो त्या माणसाला म्हणाला नाही, पुन्हा हात ठेवले. मला त्या माणसाचं उत्तरही फार आवडतं. एवढा मोठा गुरू समोर उभा, "दिसतं का" विचारतोय, तर भिडेखातर "हो हो, छान दिसतं" म्हणून मोकळा झाला नाही. जसं दिसलं तसं सांगितलं. आपल्या साक्षींच्या कार्यक्रमांत इतकं खरं बोलणारे किती असतात ते आठवून बघा.

तरीही तुम्हाला कुणी बार्तीमयाचं उदाहरण देईल, कारण तिथे येशू "तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं" असं म्हणतोच. किंवा सहाव्या अध्यायातलं नासरेथ, येशूचं स्वतःचं गाव, काढतील, जिथे लोकांच्या अविश्वासामुळे त्याला फारसं काही करता आलं नाही. पण तिथेही ज्या थोड्या आजाऱ्यांवर त्याने हात ठेवले ते बरे झालेच. अविश्वासू म्हणून ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते त्याला नावं ठेवणारे गावकरी. विश्वासाने बरा झालेला माणूस आहे म्हणून बरा न झालेला प्रत्येक जण अविश्वासू, हे कुठल्याच वचनात नाही. उलट योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांधाकडे बघून विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि आईबापांनीही नाही. सभेत पुन्हा कुणी बोललं तर हे वचन पुढे करा.

आईसाठी प्रार्थना करा, मीही करते. तिला वाचून दाखवायचं असेल तर ती पाचच वचनं नका वाचू, चौदाव्यापासून तेहेतिसाव्यापर्यंत सलग वाचा. आणि डोळ्यांचं म्हणाल, तर काचबिंदूत गेलेली नजर परत आणायचं औषध सध्या नाही. थेंबांनी डोळ्यातला दाब आटोक्यात राहतो आणि उरलेली नजर टिकायला मदत होते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते बंद करू नका, सभेत कुणी कितीही आग्रहाने सांगितलं तरी. हा आजार घराण्यात चालतो, तेव्हा तुम्ही आणि तुमची भावंडंही एकदा डोळे तपासून घ्या.