चित्रकाराच्या छोट्याशा पेन्सिल स्केचमध्ये नुसती खुर्ची आणि स्टूल असेल तर त्याचा अर्थ कसा लावायचा?

रिकामी खुर्ची म्हणजे एकटेपणा असं कोणीतरी ऐकवेलच, तेव्हा आधी कागद उलटून बघा. वहीचं पान आहे का कुठल्या बिलाची पाठकोरी बाजू, कडेला आकडे आहेत का, कुठली रेघ दाबून काढलीय. उजेडात तिरका धरलात तर खोडलेलं पण दिसतं.

आमच्या आजोळी, सावंतवाडीजवळ, यावरून महाभारत झालंय. मामा ड्रॉइंगमास्तर. त्यांचं पोस्टकार्डाएवढं स्केच, ओटीवरची आरामखुर्ची आणि बाजूला स्टूल. मुंबईच्या मावसभावाने ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला की ही आजोबांची रिकामी जागा, ते गेल्याचं दुःख. अहो, ते काढलं तेव्हा आजोबा ठणठणीत, मागच्या दारी सुपाऱ्या सोलत बसलेले! खुर्चीचा एक पाय पावसाळ्यात ओल धरून कुजला होता, तो नवीन करायचा होता. चित्रात तीन पाय हलक्या हाताने आणि चौथा काळाकुट्ट, सांधा कसा बसतो तेसुद्धा काढलंय आणि शेजारी 18 लिहिलंय. दुःख दाखवायला इंच कशाला लागतात? मामा स्वतः म्हणाले, "अरे, तां सुताराक दाखवूक होतां!" तर हा म्हणतो, कलाकाराला स्वतःचं अबोध मन कळत नसतं. घ्या!

वर चित्रकार व्हॅन गॉगचं नाव पुढे करतो. त्याने ऑक्टोबर 1888 मध्ये फ्रान्समधल्या आर्ल गावाहून भावाला, थिओला, पत्रातून आपल्या बेडरूमचं स्केच पाठवलं, पलंग, खुर्च्या, टेबल, माणूस एकही नाही, आणि चित्र बघून डोक्याला विश्रांती मिळावी असं लिहिलं. दुःखाचा पत्ता नाही. हां, आपला चित्रकार मित्र गोगँ याच्या खुर्चीच्या चित्राबद्दल 1890 च्या एका पत्रात त्यानेच 'रिकामी जागा' म्हटलंय, ते मान्य, पण ते पेंटिंग आणि सांगणारा तो स्वतः, त्याचा मावसभाऊ नव्हे.

तुमचं स्केच बघितल्याशिवाय मी काय सांगणार, पण त्याच वहीतली बाकीची पानं मिळाली तर शोधा, इतर सगळ्या पानांवर त्या खुर्चीत माणूस असेल आणि इथेच नसेल तर मग वेगळा विचार करा. रबर लावू नका, लॅमिनेट तर नकोच. फ्रेम केलीत तर काच आणि कागद यांच्यात माउंट, म्हणजे कागद काचेला चिकटू न देणारी पुठ्ठ्याची चौकट, घाला, आमच्या शहाण्याने घातला नाही, दमट हवेत बुरशी धरली ती नेमकी 18 वर, आणि आता म्हणतो आकडा नव्हताच. खुर्ची आहे अजून ओटीवर, तीन पाय सागवानी आणि चौथा फणसाचा, ये म्हणावं आणि बघ.