वाचकांचे प्रश्न : पाहुण्यांकडून घेतलेला कर जातो कुठे?

प्रश्न : मुलाकडे जर्मनीला गेलो असताना बव्हेरियातील बाड वोरिसहोफेन या छोट्या गावी दोन दिवस मुक्काम केला. हॉटेलच्या बिलात खोलीभाड्याखेरीज दर माणशी, दर दिवशी एक निराळा कर होता. तो कोण घेते, त्याचे काय होते, आणि त्याविषयी पाहुण्याला काही विचारता येते का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ‘बाड’ म्हणजे स्नान. हे बिरुद कोणत्याही गावाला हौसेने लावता येत नाही, त्यासाठी सरकारी मान्यता लागते. वोरिसहोफेनला ती 1920 साली मिळाली, शहराचा दर्जा मात्र 1949 साली. 1855 मध्ये तेथील मठात आलेले धर्मगुरू सेबास्टियान क्नाइप यांच्या गार पाण्याच्या उपचारांमुळे हे शेतकऱ्यांचे खेडे नावारूपाला आले. गुडघाभर पाण्याच्या हौदात करकोच्याप्रमाणे दर पावलाला पाय पुरता बाहेर काढून चालणारी मंडळी आपणही पाहिली असतील.

आपण भरलेला कर नगरपालिकेचा आहे. हॉटेलमालक तो गोळा करून तिच्याकडे जमा करतो, आणि कायद्यानुसार तो उपचारस्थळाच्या सोयी व पाहुण्यांसाठीचे कार्यक्रम यांवरच खर्च करावा लागतो. यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला लोटणाऱ्या गर्दीसाठी पाण्याची आणि स्वच्छतेची सोय करणे किती अवघड असते, हे आपण सीमाभागातील लोक जाणतोच. म्हणून पाहुण्यांसाठीच्या सोयींचा भार पाहुण्यांनीही उचलावा, हे मला रास्त वाटते.

तेथील नगराध्यक्ष आपल्या कर्नाटकातल्याप्रमाणे नगरसेवकांमधून निवडला जात नाही. नागरिक त्याला थेट, 6 वर्षांसाठी निवडतात. नगरसेवक 24 असतात, मतदारालाही 24 मते मिळतात, आणि ती निरनिराळ्या पक्षांच्या उमेदवारांत वाटता येतात किंवा एकाच उमेदवाराला 3 पर्यंत देता येतात.

याहून मोलाची वाटते ती नागरिकांची सभा. नगराध्यक्षाला ती वर्षातून किमान एकदा बोलवावीच लागते, आणि तिने केलेल्या शिफारशी नगरपालिकेला 3 महिन्यांच्या आत विचारात घ्याव्या लागतात. ग्रामसभेत मांडलेला ठराव पुढच्या सभेपर्यंत तसाच पडून राहिल्याचे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या मुदतीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. या सभेत बोलण्याचा हक्क सामान्यतः गावच्या रहिवाशांनाच असतो. आपल्यासारख्या पाहुण्याला कराविषयी तेथे विचारायचे असेल, तर आधी सभेनेच तशी परवानगी द्यावी लागते.