गणित न शिकलेले खलाशी समुद्रात आपले स्थान कसे ठरवत असत?

आपण विचारले आहे की, सोळाव्या-सतराव्या शतकांतील बहुतेक युरोपीय खलाशांना फारसे गणित येत नव्हते, तर नौकानयनाची छापील पुस्तके आणि पितळी उपकरणे त्यांच्या खरोखर उपयोगाची होती, की ती विद्वानांनी विद्वानांसाठीच तयार केली होती. माझ्या मते ती नक्कीच उपयोगाची होती, आणि त्याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. अवघड गणित कोणीतरी जमिनीवर बसून आधीच करून ठेवलेले असे. जहाजावरच्या माणसाला एक कोन मोजायचा, तक्त्यातला एक आकडा शोधायचा आणि बेरीज किंवा वजाबाकी करायची, एवढेच काम उरत असे. मी काही वर्षे व्यापारी जहाजांवर अधिकारी होतो आणि सेक्स्टंट या कोन मोजण्याच्या उपकरणाने मध्यान्हीच्या सूर्याचे वेध घेतलेले आहेत, त्यामुळे कामाच्या या वाटणीमागे किती विचार आहे, हे मला विशेष जाणवते.

सूर्याच्या वेधाचेच उदाहरण घेऊ. पोर्तुगीज जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जाऊ लागली, तेव्हा विषुववृत्ताजवळ ध्रुवतारा क्षितिजाखाली गेला आणि अक्षांश काढण्याचे जुने साधन हातचे सुटले. सूर्य उरला, पण तो वर्षभरात विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेतेवीस अंशांपर्यंत सरकत असल्यामुळे, आज त्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, किती आहे हे कळल्याशिवाय त्याची उंची मोजून काहीच साधत नाही. हे गणित अब्राहम झकुतो या ज्योतिर्विदाने करून ठेवले होते. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाल्यावर तो पोर्तुगालमध्ये आला आणि त्याचे तक्ते १४९६ मध्ये लैरिया येथे छापले गेले. क्रांतीचे असे तक्ते पुढे खलाशांच्या छोट्या हातपुस्तकांत आले; त्यांपैकी आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छापील पुस्तक सुमारे १५०९ चे, लिस्बनचे आहे.

समजा, दुपारी सूर्य दक्षिणेला असताना त्याची क्षितिजापासूनची सर्वाधिक उंची ६२ अंश भरली. ती ९० मधून वजा केली की २८ उरतात. त्या तारखेसमोर तक्त्यात ११ अंश उत्तर क्रांती दिलेली असेल, तर ती मिळवायची. अक्षांश ३९ उत्तर, म्हणजे आपण लिस्बनच्या जवळपास आहोत. सावली कोणत्या बाजूला पडते आणि सूर्य विषुववृत्ताच्या कोणत्या बाजूला आहे, यानुसार कधी मिळवायचे आणि कधी वजा करायचे, याचे वेगवेगळे नियम पुस्तकात शब्दांत मांडलेले असत. धन-ऋण चिन्हांचे बीजगणित कोणालाही शिकावे लागत नसे. शिवाय या रीतीला घड्याळही लागत नाही, ही तिची सर्वांत मोठी सोय आहे. मध्यान्हाच्या सुमारास सूर्याचे वर चढणे मंदावते, काही क्षण तो थांबल्यासारखा वाटतो आणि मग उतरू लागतो. त्या थांबण्याच्या वेळचा कोन तेवढा नोंदवायचा.

उपकरणांतही अशीच काटछाट झाली. जमिनीवरच्या ज्योतिषाचा अ‍ॅस्ट्रोलेब म्हणजे पातळ पत्र्यांवर ताऱ्यांचा नकाशा कोरलेले नाजूक यंत्र होते. खलाशांसाठी त्यातले जवळजवळ सर्व काढून टाकले गेले. राहिले फक्त अंशांच्या खुणा असलेले जाड, जड कडे आणि फिरती पट्टी. वजनामुळे ते कमी हेलकावे खात असे आणि मधला भाग कापून काढल्यामुळे वारा आरपार जात असे. तरीही डोलत्या जहाजावर वेध घेणे कठीणच होते. वास्को द गामाने १४९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सेंट हेलेना उपसागरात उतरून तिकाटण्यावर टांगलेल्या मोठ्या लाकडी अ‍ॅस्ट्रोलेबने सूर्याची उंची मोजली होती, ती याच अडचणीमुळे. वेधात एका अंशाची चूक झाली तर नकाशावर साठ सागरी मैलांचा फरक पडतो. ही उपकरणे केवळ शोभेची नव्हती, याचा पुरावा समुद्राच्या तळाशीच सापडतो. असे शंभराहून अधिक सागरी अ‍ॅस्ट्रोलेब आज ज्ञात असून त्यांतले बरेचसे बुडालेल्या जहाजांतून वर आलेले आहेत. १५०३ मध्ये ओमानजवळ बुडालेल्या ‘एस्मेराल्दा’ या पोर्तुगीज जहाजावरची तबकडी त्यांतल्या सर्वांत जुन्यांपैकी आहे.

पुस्तके देशोदेशी कशी पोहोचली, हेही पाहण्यासारखे आहे. स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये पायलटांची, म्हणजे जहाजाचा मार्ग ठरवणाऱ्या नाविकांची, रीतसर परीक्षा होत असे आणि १५५२ पासून त्यांना शिकवण्यासाठी अध्यापकही नेमलेला होता. १५५८ मध्ये स्टीफन बरो या इंग्रज नाविकाने ही व्यवस्था प्रत्यक्ष पाहिली, आणि मार्टिन कोर्तेस याचे १५५१ चे स्पॅनिश पुस्तक १५६१ मध्ये इंग्रजीत आले. ते पुढे अनेक दशके पुन्हा पुन्हा छापले जात राहिले.

रेखांशाचा प्रश्न मात्र अठराव्या शतकापर्यंत सुटला नाही. तोवर दिशा, वेग आणि वेळ यांवरून अंदाज बांधणे हाच मार्ग होता. वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेली फळी पाण्यात सोडून, वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत दोरीच्या किती गाठी हातातून गेल्या, हे मोजत असत. या रीतीचे छापील वर्णन प्रथम विल्यम बॉर्न याच्या १५७४ च्या पुस्तकात आढळते. दोन गाठींमधले अंतर ४२ फूट आणि घड्याळ तीस सेकंदांचे असे. यामागे सागरी मैल सुमारे ५,००० फुटांचा असतो हे गृहीतक होते, आणि तेच चुकीचे होते. रिचर्ड नॉरवुड याने लंडन ते यॉर्क हे अंतर साखळीने आणि पावलांनी मोजून १६३७ मध्ये दाखवून दिले की मैल सुमारे ६,१२० फुटांचा आहे, म्हणून गाठी ५१ फुटांवर हव्यात. खलाशांनी जुनी दोरी लगेच सोडली नाही, आणि मला त्यात निव्वळ हटवादीपणा दिसत नाही. आखूड दोरीमुळे जहाज प्रत्यक्षापेक्षा पुढे गेल्याचे वाटते आणि किनारा येण्याच्या बऱ्याच आधी माणूस सावध होतो. लांब दोरीच्या चुकीने मात्र जहाज रात्री खडकावर जाऊ शकते.

जमिनीवर गणित करून ठेवण्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे एडवर्ड राइट. नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये असा नकाशा काढला होता, ज्यावर होकायंत्राची एकच दिशा धरून केलेला प्रवास सरळ रेषेत येतो. पण अक्षांशांच्या रेषा नेमक्या किती अंतरावर आखायच्या, याचा नियम त्याने दिला नव्हता. केंब्रिजचा गणिती असलेल्या राइटने १५८९ मध्ये अझोर्स बेटांपर्यंत स्वतः प्रवास करून नकाशांतल्या चुका अनुभवल्या होत्या. त्याने एकेका कलेसाठी (अंशाच्या साठाव्या भागासाठी) बेरजा करत संपूर्ण तक्ता तयार केला आणि तो १५९९ मध्ये छापला. पुढे एडमंड गुंटर याने लॉगरिदम, म्हणजे गुणाकाराचे काम बेरजेने करू देणारे आकडे, चक्क दोन फुटी पट्टीवर उतरवले, त्यामुळे त्रिकोणमितीचे गुणाकार-भागाकार कंपासच्या दोन टोकांनी अंतर उचलून होऊ लागले. ही पट्टी एकोणिसाव्या शतकातही जहाजांवर होती.

पण पुस्तकांनी शिकवायचे आणि खलाशांनी फक्त ऐकायचे, असा हा एकतर्फी व्यवहार नव्हता. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, त्यावरून रेखांश कळेल, अशी त्या काळी अनेकांची आशा होती. १५३८ मध्ये लिस्बनहून गोव्याला येताना जुआंव द कास्त्रो याने, गणिती पेद्रो नुनेश याने सुचवलेले सावलीचे उपकरण वापरून, हा फरक वाटेत वारंवार मोजला आणि तो रेखांशाप्रमाणे नियमाने बदलत नाही, असे त्याला आढळले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोकण किनाऱ्याने दीवकडे जाताना, वसईजवळ त्याला सुईचे वागणे आणखी चमत्कारिक दिसले, आणि जवळचे खडक सुईला ओढत असावेत, असे त्याने लिहून ठेवले. आपल्या किनाऱ्यावरच्या काळ्या बेसॉल्टमध्ये चुंबकीय खनिज असते, हे आज माहीत असल्यामुळे त्याचा तर्क योग्य दिशेचा होता, असे म्हणता येते. पुढे तो गोव्यात पोर्तुगीज सत्तेचा प्रमुख झाला आणि १५४८ मध्ये तिथेच वारला; त्या किनारी प्रवासाची त्याची वही, बंदरांच्या चित्रांसह, आजही वाचायला मिळते.