कोकणात फर्स्ट एड आणि सेफ्टी ट्रेनरचं काम कसं असतं? करण्यासारखं आहे का?

लोटे, महाड, रत्नागिरी असं कंपन्यांमधे माझं फिरणं असतं म्हणून सांगतो, करण्यासारखं नक्की आहे. पण नुसता प्रोजेक्टर लावून बोलायचं काम नाही, सीपीआरचा (म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन करायचा उपचार) पुतळा घेऊन पोचायचं आणि नाइट शिफ्ट करून पेंगणाऱ्या माणसांना जमिनीवर गुडघे टेकून बसवायचं. छाती 5 ते 6 सेंमी दबली पाहिजे, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 30 दाबांनंतर 2 श्वास, हे ऐकून कळत नाही हो, दोन मिनिटांत घाम फुटतो तेव्हाच कळतं, आणि कोपर वाकवून दाबणारे प्रत्येक बॅचला असतातच.

केमिकल कंपनीत माझा जास्त वेळ ॲसिड अंगावर उडालं तर काय यात जातो. कपडे काढा आणि वाहतं पाणी, निदान 15-20 मिनिटं. लोक जरा धुतात आणि मलम शोधायला पळतात! इमर्जन्सी शॉवरसमोर ड्रम रचलेले दिसले की मी क्लास थांबवून आधी ते हलवायला लावतो, मॅनेजर कितीही घाईत असूदे.

पावसाळ्यात सापाचं विचारतातच. आवळून बांधू नका, कापू नका, चालवू नका, 108 ला फोन करा नाहीतर मिळेल त्या गाडीने अँटीव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) असलेला दवाखाना गाठा.

1948 च्या कारखाने कायद्यात (2025 मधे त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) 150 कामगारांमागे एक फर्स्ट एड पेटी आणि ती सांभाळायला ट्रेनिंग घेतलेला माणूस सांगितला होता, त्यामुळे काम मिळत आलंय. यायचं असेल तर आधी एखाद्या सेफ्टी ऑफिसरच्या हाताखाली प्लांटमधे काही महिने काढा.