भंगारातला ट्रान्सफॉर्मर आधी तपास, मग पॉवर सप्लाय बांध

भाऊ, सोल्डरिंग गन नंतर घे, आधी मल्टिमीटर काढ. स्टॅबिलायझरमधून काढलेला ट्रान्सफॉर्मर बाजूलाच ठेव. तो बहुतेक ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे आउटपुटचा थेट मेन्सशी संबंध. शॉक बसला तर जीव जाईल. मायक्रोवेव्हमधल्याला तर हातसुद्धा लावू नकोस. जुन्या टेपरेकॉर्डरचा, १२ व्होल्टचा मिळाला तर उत्तम. दोन्ही वाइंडिंगमध्ये (तारेच्या गुंडाळ्यांमध्ये) कंटिन्युइटी, म्हणजे थेट विद्युत जोड, अजिबात नको, आणि जास्त रेझिस्टन्सची बाजू ती प्रायमरी, म्हणजे मेन्सला जोडायची. पहिल्यांदा २३० व्होल्ट देताना ६० वॉटचा पिवळा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये लाव. बल्ब पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे, सोडून दे.

१२ व्होल्ट एसी ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) आणि कॅपॅसिटरनंतर साधारण १५.५ व्होल्ट डीसी होतात, लोड नसताना त्याहून जास्त. म्हणून कॅपॅसिटर ३५ व्होल्टचा, २२०० मायक्रोफॅरड घे. पुढे व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर एलएम ३१७, २४० ओहमचा रेझिस्टर आणि व्होल्टेज कमीजास्त करायला २.२ के चा पॉट (फिरवायचा रेझिस्टर). सगळं नागपुरात सीताबर्डीत मिळतं.

खरी अडचण उष्णतेची. ५ व्होल्टला १ अँपिअर घेतलास की रेग्युलेटरवर १० वॉट जळतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच तापलेली असते. हीटसिंक मोठाच लाव, पण अभ्रकाचा तुकडा मध्ये घालून. रेग्युलेटरचा धातूचा टॅब आउटपुटला जोडलेला असतो. प्रायमरीत फ्यूज टाकायला विसरू नकोस. पेटीला अर्थिंगही कर.